अतिथी कोण, यजमान कोण? : तरत्या घरातील आतिथ्याचा विचार

१

मुंबईहून भुसावळ, नागपूर या मार्गाने हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बडनेरा हे जंक्शन आहे. १८६७ साली हा मार्ग नागपूरला पोचला तेव्हा अमरावती शहर त्याच्या एका बाजूला राहिले. पुढे बडनेऱ्याहून काढलेल्या एका लहानशा फाट्याने ते या मार्गाला जोडले गेले. त्यामुळे अमरावतीत न उतरता पुढे जाणारा आप्त बडनेऱ्यावरून जातो, आणि त्याला भेटायला घरचे कोणी तरी शिदोरी घेऊन त्या फलाटावर उभे राहते. ही रीत अमरावतीकरांना नवी नाही. शिदोरीत दशम्या, कोरडी भाजी, ठेचा. हातात पूर्वी फिरकीचा तांब्या असे, आता बाटली असते. गाडी थांबते, शिदोरी या हातातून त्या हातात जाते, चार शब्द बोलून होतात. कित्येकदा शिदोरी आणणारा गाडीत चढतो. मग प्रवासी आपल्या बाकावर सरकून त्याला ‘बसा नं जरा’ म्हणतो आणि आपल्याजवळचे काही तरी त्याच्या हातावर ठेवतो. शिट्टी होते, आणि यजमान म्हणून आलेल्या माणसाला पाहुण्याच्या घरातून उतरावे लागते.

या काही मिनिटांत यजमान कोण आणि पाहुणा कोण? अन्न ज्याने आणले तो यजमान म्हणावा, तर जागा दुसऱ्याची आहे. जागा ज्याची तो यजमान म्हणावा, तर तीही त्याने तिकिटापुरतीच घेतलेली आहे, आणि ती चालती आहे. आतिथ्याची आपली नेहमीची कल्पना स्थिर घर गृहीत धरून उभी असते : एक उंबरठा, त्याच्या आत घरधनी, बाहेरून येणारा परका. उंबरठाच चालू लागला तर या कल्पनेतले काय टिकते आणि काय गळून पडते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

त्यासाठी फलाटावरचे उदाहरण पुरेसे नाही. तेथील आतिथ्य मिनिटांचे असते. त्यात कोणाची फारशी कसोटी लागत नाही. त्याचेच टोकाचे रूप म्हणजे शिडाच्या नौकेवर संसार मांडून राहणारी माणसे आणि त्यांच्याकडे आठ-पंधरा दिवस राहायला येणारे मित्र. जगातील अनेक बंदरांत अशी माणसे आहेत. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडातून त्यांचा विचार करणे काहीसे विक्षिप्त वाटेल. तथापि नैतिक संकल्पनेचे बळ तिच्या सरावाच्या वापरात कळत नाही; तिचा वापर जेथे अवघड होतो तेथे ते कळते. शिवाय वऱ्हाडच्या अनुभवात या नौकेच्या फार जवळचे असे काही आहे, ते पुढे ओघाने येईल.

२

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. विरचनावादी वाचन हे संहितेवर वाढणारे बांडगूळ होय, या आक्षेपाला उत्तर देताना जे. हिलिस मिलर यांनी १९७७ साली ‘द क्रिटिक ॲज होस्ट’ हा निबंध लिहिला. इंग्रजीतील ‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच प्राचीन शब्दातून निघाले आहेत, सबब यजमानात पाहुणा आणि पाहुण्यात यजमान आधीच वसलेला आहे, अशी त्यांची मांडणी आहे. ही मांडणी जशीच्या तशी उसनी घेण्याचा मोह आपल्याला होतो. मराठीत मात्र तिला भाषिक आधार नाही. ‘यजमान’ आणि ‘अतिथी’ यांचे धातू वेगळे आहेत, त्यांची व्याकरणिक घडण वेगळी आहे. आपल्या शब्दांनी काय दडवले आहे ते आपले आपल्यालाच शोधावे लागते.

‘यजमान’ हे यज् धातूचे आत्मनेपदी वर्तमानकालीन कृदन्त आहे. उभयपदी धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद योजावे, असा पाणिनीचा नियम आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, यजमान स्वतःसाठी करतो. पुढे हाच शब्द घरच्या कर्त्या पुरुषासाठी आणि पाहुण्याचा सत्कार करणाऱ्यासाठी रूढ झाला. म्हणजे देणाऱ्यासाठी आपण जो शब्द निवडला, त्याने देण्याचे फळ देणाऱ्याच्याच पदरात टाकले आहे. पुण्य, प्रतिष्ठा, घराण्याचे नाव, यांतले काही ना काही वाढणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. पाहुण्याला जेवू घालणारा माणूस स्वतःचाच यज्ञ करीत असतो, ही कबुली शब्दाच्या घडणीतच आहे. आपण ती ऐकत नाही एवढेच.

‘अतिथी’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ज्याला तिथी नाही तो अतिथी, हा लोकांच्या तोंडी असलेला अर्थ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात राहण्याच्या अनित्यतेवरून हा शब्द समजावला आहे. यास्काने निरुक्तात तो ‘अत्’ म्हणजे हिंडणे या धातूशी जोडला आणि पर्याय म्हणून तिथींना परक्या घरी येणारा असेही सुचवले. एका मते त्याला तिथी नाही, दुसऱ्या मते तो तिथीलाच येतो. यांतली शास्त्रशुद्ध व्युत्पत्ती कोणती हा भाषाशास्त्राचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते. पाहुण्याची संकल्पना काळाशी बांधलेली आहे आणि या सर्व व्याख्यांत तो काळ पाहुण्याचा आहे. यजमानाच्या काळाविषयी कोणी विचारीत नाही. तो घरी असतोच, घर जागच्या जागी असतेच, असे सगळ्यांनी धरून चाललेले आहे.

‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत प्राघुण, प्राघूर्ण या रूपांशी जोडला जातो. ‘घूर्ण्’ म्हणजे गरगरणे, हेलकावणे. प्राकृत शब्दाला मागाहून संस्कृत वेष चढवण्यातून हे रूप सिद्ध झाले असण्याची शक्यता असल्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही. पण ज्या कोणी तो वेष चढवला त्याच्या कल्पनेत पाहुणा हेलकावत येणारा होता आणि घर स्थिर होते, एवढे म्हणता येते.

३

नौकेवर हेलकावणारे घर असते, आणि पाहुणा स्थिर जमिनीवरून येतो. शब्दांनी आखून दिलेली सगळी मांडणी येथे उलटी होते. नौकेवर राहणारी माणसे येऊ इच्छिणाऱ्या मित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगतात : आम्ही ठिकाण सांगू किंवा दिवस सांगू, दोन्ही सांगता येणार नाहीत. अमुक दिवशी या म्हटले तर त्या दिवशी आम्ही ज्या बंदरात असू तेथे तुम्ही यायचे. अमुक बंदरात या म्हटले तर आम्ही पोचेपर्यंत तुम्ही थांबायचे. मित्राची रजा मंजूर झालेली असते, तिकीट काढलेले असते, परतीचा दिवस ठरलेला असतो. वारा पंचांग पाहत नाही. येथे तिथी पाहुण्याजवळ आहे आणि यजमानच तिथीवाचून आहे. शब्दाशी प्रामाणिक राहायचे तर नौकेवरचा यजमान हाच अतिथी होय.

ही केवळ शाब्दिक गंमत नव्हे. मित्र बंदरावर ताटकळत असेल, त्याची गाडी किंवा विमान चुकेल, या संकोचापोटी नौकेचा धनी एरवी ज्या हवेत नांगर उचलला नसता त्या हवेत तो उचलतो. ठरल्या दिवशी पोचण्याचा हट्ट हे शिडाच्या प्रवासातील संकटाचे एक जुने आणि सर्वपरिचित कारण आहे. जमिनीवर ज्याला आपण सौजन्य म्हणतो तेच येथे अविवेक ठरू शकते. कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारी जातो तेव्हा यजमान घरी नसतो. पाहुण्याला तीन रात्री उपाशी राहावे लागते आणि परतल्यावर यमाला त्याची भरपाई तीन वरांनी करावी लागते. परंपरेने विलंबाचा दोष निःसंदिग्धपणे यजमानावर ठेवला आहे. नौकेवर हा न्याय लागू करता येत नाही. तेथे वेळप्रसंगी उशीर करणे हे यजमानाचे कर्तव्य असते. मात्र उशीर होईल हे आधी सांगितलेले असणे, हे त्याहून मोठे कर्तव्य असते.

४

पाश्चात्त्य चिंतनात आतिथ्याचा प्रश्न नौकेच्या आसपास अनेकदा आला आहे, पण नौकेवर क्वचितच चढला आहे. कांटने १७९५ साली शाश्वत शांततेविषयीच्या निबंधात आतिथ्य हे परोपकाराच्या क्षेत्रातून काढून हक्काच्या क्षेत्रात नेले. पृथ्वी गोल आहे, तिच्यावर माणसांना अमर्याद पांगता येत नाही, म्हणून एकमेकांचे सान्निध्य सोसावेच लागते. तेव्हा परक्याला भेट देण्याचा हक्क आहे, मुक्कामी पाहुणा म्हणून राहण्याचा मात्र नाही. समुद्र आणि वाळवंट माणसांना विभागतात, जहाज आणि उंट त्यांना जोडतात. या मांडणीत जहाज नेहमी पाहुण्याला घेऊन येते आणि किनारा नेहमी यजमान असतो. जहाजच यजमान झाले तर काय, हा प्रश्न कांटपुढे येत नाही. फुकोने १९६७ च्या व्याख्यानात जहाजाला स्थानाविना असलेले स्थान म्हटले आणि आपल्या ‘इतर अवकाशां’च्या विवेचनात त्याला सर्वांत वरचा मान दिला, पण त्याचे जहाज हे किनाऱ्यावरच्या समाजाच्या कल्पनाशक्तीचे भांडार आहे. तेथे कोणी कोणाला जेवायला वाढत नाही.

देरिदाच्या १९९७ साली प्रकाशित झालेल्या आतिथ्यविषयक व्याख्यानांत प्रश्न अधिक धारदार होतो. नावगाव न विचारता, अट न घालता येणाऱ्याला आत घ्यावे, हा आतिथ्याचा एक निरपवाद नियम. आणि कोणाला, किती, कोणत्या अटींवर, हे ठरवणारे अनेक नियम. हे दोन्ही एकमेकांना छेद देतात आणि एकमेकांवाचून उभेही राहू शकत नाहीत. आत घ्यायचे तर घर आपल्या ताब्यात असावे लागते. ताबा असला की निवड आली, आणि निवड आली की कोणाला तरी नाकारणे आले. हे विवेचन मार्मिक आहे. तरीही या घराला दार आहे, आणि त्या दारामागे यजमानाचा शेवटचा अधिकार शाबूत आहे : पाहुण्याला निघा म्हणण्याचा.

भर समुद्रात हा अधिकार उरत नाही. तेथे पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणणे म्हणजे त्याला मारणे. पाहुण्यालाही रागावून पिशवी उचलता येत नाही. जमिनीवरच्या आतिथ्याला आतून सुसह्य करणारी दोन स्वातंत्र्ये, घालवण्याचे आणि जाण्याचे, येथे एकाच वेळी नाहीशी होतात. परक्याचा नाश होणार नसेल तरच त्याला परत पाठवता येते, अशी मर्यादा कांटने घालून ठेवली होती. त्याच्या विचारात जी मर्यादा आहे ती नौकेवर रोजची स्थिती आहे. येथे एकदा दिलेले आतिथ्य पुढचे बंदर येईपर्यंत परत घेता येत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जे मागे घेता येत नाही त्याचा विचार आधी करावा लागतो. नौकेवर आतिथ्याचा नैतिक क्षण स्वागताचा नसतो, आमंत्रणाचा असतो. जमिनीवर आपण ‘केव्हाही या, घर तुमचंच आहे’ असे म्हणतो. हे शब्दशः खरे नाही हे दोघांनाही माहीत असते, आणि त्या वाक्यातील गोडवा त्या समजुतीतच असतो. नौकेवर हेच वाक्य उच्चारणे म्हणजे खोटे बोलणे होय, आणि त्या खोट्याची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

५

नांगरलेल्या नौकेवरचे आतिथ्य आणि चालत्या नौकेवरचे आतिथ्य यांत येथे भेद केला पाहिजे. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या लहान नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हुआन फर्नांदेझ बेटाशी त्याच्या नौकेवर आलेल्या बेटवासीयांना त्याने कॉफी आणि चरबीत तळलेले डोनट खाऊ घातले. ते त्यांना इतके आवडले की त्याने त्यांना कृती शिकवली आणि जवळची चरबीही विकली. हा प्रसंग लोभस आहे, आणि त्यात आतिथ्य संपून व्यापार कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड आहे. पण तो सोपा आहे, कारण बेट हाकेच्या अंतरावर आहे. कॉफी पिऊन झाली की पाहुणे आपल्या घरी जाणार आहेत. नांगरलेली नौका ही पाण्यावरची ओसरीच होय.

चालत्या नौकेवर स्लोकम एकटा होता. आपल्याकडे गोव्यात बांधलेल्या, मांडवीचे दुसरे नाव धारण करणाऱ्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात, मोजक्या बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली; असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याही बाबतीत दुसऱ्या माणसाची सोबत बंदरापुरतीच. ‘तारिणी’वर २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकारी होत्या, पण त्या एकमेकींच्या सहकारी होत्या, प्रत्येकीचे काम आणि अधिकार नेमलेले होते. समुद्रप्रवासाच्या गाजलेल्या वृत्तांतांत अशा प्रकारे एकटा माणूस असतो किंवा खलाशांचा संच असतो. यांपैकी कोणीच नसलेला, प्रेमापोटी आलेला आणि दोरखंडाचे टोक कोठे बांधतात हेही ठाऊक नसलेला मित्र त्यांत आढळत नाही. नैतिक प्रश्न खरे तर त्याच्यापाशी सुरू होतो.

६

तो प्रश्न पहिल्याच सकाळी पाण्याच्या रूपाने उभा राहतो. संसार मांडता येईल एवढ्या नौकेतील गोड्या पाण्याची टाकी साधारणतः काही शे लिटरांची असते. शहरातून आलेला मित्र नळ सोडून दात घासतो. यजमान पाहतो. सांगावे की न सांगावे? पाणी जपून वापरा असे पाहुण्याला सांगणे यासारखी लाजिरवाणी गोष्ट आपल्या संस्कारात दुसरी नाही. आल्यागेल्याला आधी पाणी विचारायचे, ही आपली पहिली रीत. चोहोकडे पाणी आणि पिण्याजोगे मात्र मोजके, ही स्थिती समुद्राचीच आहे असेही नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा बडनेऱ्याच्या पश्चिमेस भातकुली, दर्यापूर या भागांत आहे. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे असते. गोडे पाणी दुरून आणावे लागे. नळयोजनांनी पुष्कळ गावांत हे चित्र पालटले असले तरी त्याची आठवण पुसलेली नाही. अशा घरात पाहुणा आला की त्याच्यापुढे गोड्या पाण्याचा तांब्या येई. त्यासाठी किती खेपा झाल्या हे त्याला कळत नसे. ते त्याला कळू न देणे यातच घराची अब्रू होती.

हे औदार्य खरेच होते. त्याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याची घडण तपासली पाहिजे. खेपा बाईने घातल्या आणि नाव ओसरीवर बसलेल्या पुरुषाचे झाले. आत्मनेपदाचे फळ कोणाला मिळते हे येथे स्पष्ट दिसते. शिवाय हे पाणी सर्वांना एका भांड्यातून मिळत नव्हते. कोणाला तांब्या, कोणाला वरून धार आणि कोणाला दारातूनच परत, हे जातीने ठरवले होते. १९२७ साली महाडच्या तळ्याचा प्रश्न उभा राहिला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातील प्रवेशाचा लढाही त्याच काळातला. आतिथ्याच्या गौरवगाथा सांगताना, अतिथीला देव मानण्याच्या तैत्तिरीय उपनिषदातील शिकवणीचा दाखला देताना, या दारातूनच परत गेलेल्या माणसांची गणना आपण करीत नाही. स्थिर घराने दोन गोष्टी झाकल्या : टंचाई आणि श्रम. त्या झाकता येत होत्या म्हणूनच वाटपातील अन्यायही झाकता आला.

नौकेवर झाकायला जागा नसते. बसायच्या बाकापासून चूल दोन हातांवर असते. भांडी कोण घासते, कोण वाकून पंप मारते, कोणाची झोप मोडते, हे सर्वांना दिसते. नौका म्हणून कोणी आपोआप न्यायी होत नाही. तेथेही बाईच स्वयंपाक करीत राहील आणि पुरुष सुकाणूवर बसून राहील, हे पूर्णपणे संभवते. पण पाहुण्याला मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय राहत नाही. टाकीत एवढे पाणी आहे, आपण चौघे आहोत आणि पुढचे बंदर इतक्या दिवसांवर आहे, हे त्याला सांगणे म्हणजे त्याचा पाणउतारा करणे नव्हे. जमिनीवर पाहुणा ओसरीवर थांबतो. माजघरात येण्याचा मान फार थोड्यांना असतो. टाकीतल्या पाण्याचे माप सांगणे म्हणजे पाहुण्याला माजघरात घेणे होय. नौकेला दुसरे दालनच नसते.

७

दुसरा प्रश्न कामाचा. पाहुण्याने हात हलवू नयेत ही आपली रीत. नौकेवर रिकामा बसलेला माणूस नेमका दोरखंडाच्या वाटेत बसलेला असतो. त्याला काही तरी काम द्यावे लागते : हा दोर धरून ठेवा, तिकडे लक्ष असू द्या, भांडी समुद्राच्या पाण्याने विसळा. काम दिले की आज्ञा आली. पाहुण्याला आज्ञा करणारा यजमान हा कसला यजमान, आणि आज्ञा ऐकणारा पाहुणा तरी पाहुणा कसा राहतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी समुद्रावर जावे लागत नाही; ते वऱ्हाडात आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून बाहेर पडले. गावात पाऊल टाकले की आधी झाडू हाती घ्यायचा, कोणाची लाकडे फोडायची, अंगण लोटायचे आणि मग भाकरी घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता होता. देव म्हणून पूजा करून घेण्याला त्यांनी साफ नकार दिला होता. आयते खाणारा अतिथी हा त्यांच्या लेखी फार आदराचा विषय नव्हता. दुसरीकडे याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. हजारोंना निवारा मिळेल अशी व्यवस्था केली आणि स्वतःसाठी घर केले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या परिसरात, पेढी नदीपाशी, वाटेतच त्यांचा देह पडला. घर नसलेला पाहुणा आणि घर नसलेला यजमान या दोन्ही भूमिका एकाच आयुष्यात इतक्या सलगपणे जगल्याचे दुसरे उदाहरण सहसा आठवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. काम करून भाकरी घेणे ही देवघेव झाली. आतिथ्य कोठे उरले? चरबी विकणारा स्लोकम आणि लाकडे फोडणारे गाडगेबाबा यांच्यात मग फरक काय? फरक त्यांच्या वागण्यातील विषमतेत आहे. गाडगेबाबांनी श्रमाची अट स्वतःला घातली; त्यांच्या धर्मशाळेत आलेल्या थकल्या वारकऱ्याला ओसरीवर टेकण्याआधी ती घातली गेली नाही. पाहुणा स्वतःवर काम लादून घेऊ शकतो. यजमानाला मात्र काम ही भाकरीची किंमत करता येत नाही. सौदा दोन्ही बाजूंनी सारखाच बांधतो. येथे बंधन प्रत्येकाने स्वतःचे स्वतः घातलेले असते.

नौकेवर याची परीक्षा समुद्र लागलेल्या पाहुण्याच्या बाबतीत होते. तो दोन दिवस उठू शकत नाही, ओकतो, दोर धरणे दूरच, त्याचीच भांडी दुसऱ्याला धुवावी लागतात. त्याला मिळणारे गोडे पाणी कमी होते काय? तसे होत असेल तर तो आधीपासूनच पाहुणा नव्हता, बिनपगारी खलाशी होता. त्याचा वाटा इतरांएवढाच, किंबहुना अधिक राहत असेल, तर त्याला आधी दिलेले काम ही किंमत नव्हती, तो मान होता. काम हा पाहुण्याचा हक्क म्हणून देता येतो, ऋण म्हणून वसूल करता येत नाही.

आज्ञेचेही असेच आहे. वारा फिरला, डोके खाली घ्या, असे ओरडून सांगणारा यजमान पाहुण्यावर सत्ता गाजवीत नाही, कारण ती आज्ञा त्यालाही तितकीच लागू आहे. आडवे लाकूड फिरताना धनी आणि पाहुणा असा भेद करीत नाही. याउलट, माझी नौका आहे म्हणून माझ्या आवडीच्या वेळीच जेवा, असे सांगणे ही निव्वळ मालकी. पहिली आज्ञा सामायिक संकटातून येते, दुसरी स्वामित्वातून. अडचण अशी, की पहिलीच्या आवाजात दुसरी सहज मिसळते. सुकाणू हाती असलेल्या माणसाला आपण केव्हा समुद्राच्या वतीने बोलतो आहोत आणि केव्हा स्वतःच्या लहरीच्या वतीने, हे पुष्कळदा कळत नाही. नौकेवरून परतलेल्या मैत्रीचे जे तुटणे आपण ऐकतो त्याच्या मुळाशी बहुधा ही गल्लत असते. तिच्यावर नियम करता येत नाही. स्वतःच्या आवाजाकडे लक्ष ठेवणे एवढेच करता येते.

८

हिलिस मिलर यांच्या रूपकाकडे आता परत जाता येईल. वाचक हा संहितेचा पाहुणा आहे असे मानले, तर कोणत्या घरचा, हेही विचारावे लागते. मराठी समीक्षेने वाचकाला बराच काळ ओसरीवर बसवले. अर्थाचा तांब्या त्याच्यापुढे आणून ठेवला आणि त्यासाठी झालेल्या खेपा त्याला कळू दिल्या नाहीत. ‘आस्वाद’ या संकल्पनेच्या आपल्या वापरात हे सौजन्य आणि हा दुरावा दोन्ही आहेत. वाचकाला टाकीतले माप सांगणारी, दोराचे एक टोक त्याच्या हाती देणारी आणि तो कमी पडला तरी त्याचा वाटा कमी न करणारी समीक्षा हे या रूपकाचे अधिक अवघड रूप आहे. ते येथे केवळ सुचवून ठेवतो.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. घर चालू लागले की यजमानाच्या हातून मालकी निसटते, काळावरचा ताबा निसटतो, पाहुण्याला घालवण्याची सत्ता निसटते आणि टंचाई लपवण्याची सोयही निसटते. एवढे सगळे गेल्यावरही आतिथ्य उरत असेल, तर ते मालकीवर उभे नव्हते असे मानावे लागते. उरते ते एवढेच : आपल्याजवळ किती आहे हे खरे सांगणे, आणि सांगितल्यावर त्यातला वाटा देणे. यांतले दुसरे आपल्या परंपरेला चांगले ठाऊक होते. पहिल्याची तिला लाज वाटत आली.

बडनेऱ्याच्या फलाटावर शिदोरी घेऊन उभा असलेला माणूस ‘राहा’ असे म्हणत नाही, आणि गाडीतला आप्तही उतरण्याचे खोटे वचन देत नाही. त्यांच्या भेटीत अन्न थोडे असते, जागा दोघांचीही नसते. तरी त्या आतिथ्यात काही उणे आहे असे कोणाला वाटत नाही. गाडी किती मिनिटे थांबते, हे दोघांनाही आधीच ठाऊक असते.